तर्रीतलं बेट

पोर्ट ब्लेअरच्या शाळेनं मला भूगोल शिकवायला बोलावलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. रविवारी लकडगंजचं स्थळ बघायला येणार होतं. त्या लोकांनी नकार दिला तरच मी अंदमानला जायचं. माझा नकार चालणार नव्हता. म्हणजे तो त्यांच्याच तोंडून वदवून घेणं आलं, आणि त्या बाबतीत माझा माझ्या जिभेवर पूर्ण भरवसा होता.

धंतोलीतल्या आमच्या बैठकीत तिघं येऊन बसले. वखारीचे मालक गोपाळराव, त्यांच्या पत्नी सिंधूताई आणि मुलगा गिरिधर. गिरिधर म्हणजे गरीब गाय. आईनं 'बस' म्हटल्यावर बसला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. मी पोहे, शेव आणि तर्रीचं भांडं घेऊन बाहेर आले.

"एम.ए. कशात केलं, बाई?" गोपाळरावांनी विचारलं.

"भूगोलात. दाखवतेच ना," म्हणत मी त्यांच्याच बशीत पोह्यांचा डोंगर रचला. आईनं डोळे वटारले. मी तिकडे बघितलंच नाही.

"हा समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. आता विझलाय. याच्या काठानं, उथळ ऊन पाण्यात, पोवळ्याचे इवलेसे जीव चुन्याची घरं बांधतात." डोंगराभोवती मी शेवेचं कडं घातलं. "जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे घरं बांधतात. इकडे डोंगर समुद्राच्या तळासकट हळूहळू खचत जातो." मी तर्री ओतली. "लाखो वर्षांनी डोंगर गायब! उरतं ते नुसतं कडं, आणि मध्ये शांत पाणी."

ते पाणी बशीतून निघालं आणि गोपाळरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उतरलं. आता उठतील, मी मनात म्हटलं.

ते उठले नाहीत. बशीवर आणखीच वाकले.

"अन् हे आजही होऊन राहिलं?"

"हो. आत्ता, या क्षणी."

"पाहा! मले घरात लाकडाच्या भावाबिगर कोणी काही सांगत नाही." ते बाबांकडे वळले. "विश्वनाथराव, पोरगी पसंत! नोकरीबिकरी करायची गरज नाही. घरी बसायचं अन् मले रोज असं सांगायचं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाबांनी पेढ्यांसाठी हाक मारली. रडू आवरत मी स्वयंपाकघरात पळाले. बाबांचा राग आला, गोपाळरावांचा आला, सगळ्यात जास्त त्या तर्रीचा आला.

हात धुवायच्या निमित्तानं सिंधूताई मागोमाग आल्या. इतका वेळ त्या बाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"काहून वं, डोंगर बुडते तर ते पोवळं कसं नाही बुडत?"

"ते वर वाढत राहतं. त्याला ऊन लागतं ना. डोंगर खचतो तितकं ते वर चढत राहिलं की जगतं."

"अन् नाही चढू देलं तर?"

"अंधारात जातं. मग मरतं."

हात कोरडे झाले तरी त्या पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुले कुठं जायचं आहे?"

मी सांगून टाकलं. अंदमान, शाळा, बाबांची अट, सगळं. त्या तडक बैठकीत गेल्या आणि पेढ्याची बशी बाजूला सारून म्हणाल्या, "मले पोरगी पसंत नाही."

गोपाळराव चकित झाले. "काहून?"

"लय बोलते. अन् पाहुण्याच्या बशीत हात घालते."

गोपाळरावांनी खूप समजावलं, पण सिंधूताई हलल्या नाहीत. बाबांचा चेहरा पडला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की आठवडाभर तरी माझी धडगत नव्हती. मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

फाटकाबाहेर सायकलरिक्षा उभी होती. पोचवायच्या निमित्तानं मी सिंधूताईंना गाठलं आणि हळूच विचारलं, "माझ्यासाठी का केलंत हे?"

"मॅट्रिकले गणितात मी साऱ्या शाळेत पहिली आली होती," रिक्षात चढता चढता त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, हे पाहायले आले. मी पसंत पडली."