सोंड बाहेर आली का?

प्रयोगशाळेतला फ्रीज ऐन शनिवारी बंद पडला, म्हणून जंतबाईने आपला जंत घरी आणला. माशांच्या पोटातले जंत शोधणाऱ्या बाईला कॉलेजातली मुलं दुसरं काय म्हणणार? ते नाव घरापर्यंत पोचलं आणि नवराही लाडात आला की तेच म्हणू लागला.

जंत भाताच्या शिताहून जरा लांब, पांढुरका, ओढ्यातल्या एका माशाच्या आतड्यात सापडलेला. त्याला ना तोंड, ना पोट. आहे ती फक्त काटेरी सोंड, आतड्यात रुतवून बसायला. जात ओळखायची ती सोंडेवरच्या काट्यांवरून, आणि या महाशयांनी नेमकी सोंडच आत ओढून घेतली होती. बाकीचे काढताना तुटले होते. धड असा हा एकच. साध्या गार पाण्यात ठेवला की असा जंत पाणी शोषून फुगतो आणि सोंड आपोआप बाहेर येते. म्हणून फ्रीज.

याआधी दोनदा तिने नव्या जातीचा डांगोरा पिटला होता आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटली होती. दोन्ही जंतांना कुणीतरी आधीच नाव देऊन गेलं होतं. विभागप्रमुख जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, आज कोणता जुना मित्र सापडला?" तिसऱ्यांदा हसं झालं तर संशोधन गुंडाळायचं आणि मुकाट्याने नुसतं शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"फ्रीजमध्ये जंत? दुधाच्या शेजारी?" सासूबाईंनी नाक मुरडलं.

"आई, झाकण घट्ट आहे."

"झाकण असेल. माझं मन नाही ना तेवढं घट्ट."

सासूबाई आधीच फुरंगटलेल्या होत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलाने नव्या बंगल्याला आईचं नाव दिलं होतं, आणि बहीण दर फोनवर त्या पाटीचं वर्णन करायची.

रविवारी सकाळी सोंड आत. दुपारी सोंड आत. सासरे गार पाण्याच्या निमित्ताने फ्रीज उघडायचे, जंताची बाटली उजेडात धरायचे आणि जंतालाच अदबीने विचारायचे, "येताय का बाहेर?" नवरा भाजी आणायला गेला आणि अर्ध्या वाटेवरून फोन करून त्याने तेच विचारलं. लोक देव पाण्यात घालून बसतात, या घराने जंत घातला होता. जंतबाईचा जीव भांड्यात पडायचा होता आणि ते भांडं फ्रीजमध्ये होतं.

सोमवारी सकाळीही सोंड आतच. तिने हात टेकले.

"मेला असेल," ती ओट्यापाशी येऊन म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"मरेल कसा?" सासूबाई चहा ढवळत म्हणाल्या. "मी मीठ घातलंय."

"काय घातलंय?"

"मीठ. चिमूटभर. माशातलाच जीव तो, नुसत्या पाण्यात नासला असता. काल परत थोडं घातलं."

जंतबाई बघतच राहिली. दोन दिवस नाक मुरडणारी ही बाई, कुणाला ताकास तूर न लागू देता, त्याची उस्तवार करत होती.

"अहो आई, खारट पाण्यात तो फुगणार कसा? त्याला वाटलं असेल, आपण अजून माशाच्या पोटातच आहोत."

मग ती जी हसायला लागली ती थांबेना. जंत साध्या पाण्यात घातला, जेवणाच्या टेबलावर तिचा जुना सूक्ष्मदर्शक मांडला. जंत वळवळत होता. मिठाने तो ताजातवाना राहिला होता. टेबलाभोवती सगळे उभे राहिले, कुणी कामावर जायचं नाव काढेना. चहा उतू गेला.

आणि सोंड आली. उलटी झालेली बाही सरळ करावी तशी, हळूहळू, काट्यांची एकेक ओळ दाखवत. जंतबाईने काटे मोजले. पुन्हा मोजले. त्याच्या भाऊबंदांचे काटे टोकापासून बुडापर्यंत लहान लहान होत जातात. याच्या बुडाशी मात्र टपोऱ्या काट्यांची एक अख्खी ओळ होती. असं कुणाचंच नव्हतं, आणि कुणाचं काय असतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"नवा आहे," ती म्हणाली. तिला आभाळ ठेंगणं झालं.

सासऱ्यांनी उगाच घसा खाकरला. "नावाचं काय ठरवलंय?"

"आईंचं देते."

"जंताला?" सासूबाई म्हणाल्या. "आणि पुढे कुणी बदललं तर?"

"त्याचं घराणं बदलतील कदाचित. म्हणजे आडनाव बदलेल. पण नाव तेच राहतं, जाईल तिथे बरोबर जातं. आवडलं नाही म्हणून कुणाला ते बदलता येत नाही."

"बायकांसारखंच की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच भिंगाला डोळा लावला. बराच वेळ त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

"नाही गं, बंगला नाही. बंगला विकला की पाटी निघते," त्या शांतपणे म्हणाल्या. "जंत आहे. माझा आहे."