शनिवारचे आकडे

कुळगावात जनूची डेअरी आहे. डेअरीच्या आतल्या खोलीत, पनीरच्या फ्रिजशेजारी, पशुखाद्याच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं होतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर पेनाने चार रकाने आखले होते. दर शनिवारी सकाळी, शेअर बाजाराला सुट्टी असायची तेव्हा, चौघं तिथे जमत आणि आपापल्या रकान्यात आपल्याच हाताने आकडा लिहीत. गुढीपाडव्याला प्रत्येकाने आपल्या अकाऊंटला दहा हजार टाकले होते. दिवाळीपर्यंत ज्याचे जास्त वाढतील, त्याला बाकी तिघांनी उल्हासनगरला नेऊन दाल-पकवान खाऊ घालायचं. वरून एक रुपया टाकायचा नाही. आणि ठरवलेल्या तोट्याला शेअर विकून मोकळं व्हायचं, मग तो उद्या वर जावो की परवा.

शेवटचा नियम जनूचा होता. मोबाइल कुणी कुणाला दाखवायचा नाही.

"आमच्या बापाने चाळीस वर्षं दूध शब्दावर घातलं," तो म्हणाला होता. "आपण काय एकमेकांचे चोर आहोत?"

खरं तर ही सगळी शर्यत शंकरने मांडली होती, आणि ती श्यामकांतसाहेबांसाठी मांडली होती. अंबरनाथच्या कारखान्यात शंकर फिटर होता आणि श्यामकांत खरेदी खात्याचे अधिकारी. दोघंही निवृत्त होऊन हेंद्रेपाड्यात एकाच गल्लीत राहायला आले, तरी शंकरच्या तोंडचं 'साहेब' काही सुटलं नाही. जानेवारीत साहेबांची बायको, सुनंदाबाई, गेल्या. त्या शाळेत शिकवायच्या. शंकरला वयाच्या चाळिशीत अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती, कंपनीच्या क्वार्टरच्या पायरीवर बसवून. त्या गेल्यावर साहेब गच्च मिटून गेले. लेक राजसी कात्रपला भाड्याच्या घरात राहायची. ती रोज डबा आणायची आणि तसाच भरलेला परत न्यायची.

शंकरला पोराने, सम्यकने, शेअरचं थोडंफार शिकवलं होतं. जनूही हात मारायचा. उल्हासनगरची करिष्मा, जिचं लेस-बटणांचं दुकान होतं, ती तर तिघांत हुशार. शंकरने साहेबांना हाताला धरून डेअरीत आणलं. बायको भागीरथी म्हणाली, "बरं केलंत. माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण पाहिजे."

जूनच्या दुसऱ्या शनिवारी साहेबांचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. अकरा हजार दीडशे. शंकर शंभरेक रुपयांनी मागे होता.

"काय शंकर," साहेब म्हणाले, "फिटर मागे राहिला वाटतं."

"खरेदीवाल्यांना स्वस्तात घ्यायची सवयच असते साहेब."

"अंकल, नजर नको लावू, साहेबांना आता फॉर्म आलाय," करिष्मा म्हणाली.

साहेब हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. दुपारी राजसीचा डबा रिकामा गेला. पुढच्या शनिवारीही आकड्यात साहेबच पहिले आले, आणि त्या दिवशी त्यांनी दाढी केलेली होती.

जूनच्या चौथ्या शनिवारी शंकरच्या अकाऊंटला अकरा हजार नऊशे होते. साहेबांनी त्याच्याआधी लिहिलं, अकरा हजार तीनशे, आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत एक धाकधूक होती, निकालाच्या दिवशी पोराच्या डोळ्यांत असते तशी. शंकरने पेन टेकवलं आणि लिहिलं, अकरा हजार दोनशे. एका आठवड्याचा तर प्रश्न आहे, असं त्याने मनाला सांगितलं.

पण खोट्याला खोट्याचाच टेकू लागतो. पुढच्या शनिवारी एकदम वर उडी कशी दाखवायची? म्हणून पुन्हा कमी लिहिलं, आणि मग तो पायंडाच पडला. शंकरला एवढाच आधार वाटायचा की करिष्मा आणि जनू प्रामाणिकपणे मागे आहेत. म्हणजे साहेब पहिले नसले तरी दुसरे आहेतच, त्यात फार काही बिघडत नाही.

बिघडलं ते सप्टेंबरात. डेअरीतून परत येताना, स्टेशनचा पूल उतरल्यावर, साहेब थांबले.

"सुनंदाच्या फंडाचे चौदा लाख बँकेत पडून आहेत. राजसीला घर घेऊन द्यायचं तिने ठरवलं होतं. सहा लाख कमी पडतात." त्यांनी चश्मा पुसला. "मी ते ऑप्शनमध्ये फिरवतो."

शेअर पुढे चढेल की पडेल यावर पैसे लावायचे ते ऑप्शन म्हणजे नुसता जुगार नव्हे, पण कच्च्या हाताला त्यात आणि जुगारात फरक राहत नाही, हे शंकरला ठाऊक होतं.

"साहेब, दहा हजार वेगळे आणि चौदा लाख वेगळे. मोठ्या रकमेला हात कापतो."

"कॅलेंडर बघ, शंकर. तुम्ही तिघं यात मुरलेले, आणि गेल्या सोळा शनिवारांत चौदा वेळा मी पुढे आहे. ते काय नशीब?"

दोघं पुन्हा चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर शंकरने धीर केला. म्हणाला, "साहेब, एक बोलायचं होतं."

"बोल की." पण साहेब आपल्याच तंद्रीत होते. "आयुष्यभर ती म्हणायची, तुमचं पैशाचं डोकं नाही. कंपनीसाठी करोडोंची खरेदी केली आणि घरी भाजीत फसलो. आज असती तर म्हणाली असती, अखेर जमलं तुम्हाला काहीतरी."

शंकरने जीभ आवरली. सांगितलं तर या माणसाचं उरलंसुरलं अवसान गळेल, असं त्याला वाटलं.

"काय बोलत होतास?"

"तोट्याची रेघ आधी ठरवा आणि तिथे विकाच, एवढंच."

पहिल्या आठवड्यात साहेबांना नव्वद हजार मिळाले. ते पेढे घेऊन डेअरीत आले, तेव्हा शंकरला वाटलं की आपलाच जीव उगाच भितो. दुसऱ्या आठवड्यात बाजार उलटा फिरला. दहा हजारांवर दोनशे रुपयांच्या तोट्यात मुकाट्याने विकणारे साहेब दोन लाखांच्या तोट्याला मात्र विकेनात. येईल परत, म्हणाले. तीन दिवसांत नऊ लाख गेले. उरलेल्यातून नऊ लाख भरून काढायला गेले, तेही गेले. राजसीने फोन करून भागीरथीला सांगितलं. रडली नाही, म्हणाली, "बाबा जेवत नाहीत पुन्हा."

साहेब शनिवारी यायचे बंद झाले. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तिघंच कॅलेंडरपुढे बसली. पेन कुणीच उचललं नाही.

शेवटी शंकर म्हणाला, "मी आकडे कमी लिहीत होतो. जूनपासून. त्यांनी हसावं म्हणून."

करिष्माच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. मग ती हळू म्हणाली, "अंकल, मी पण."

दोघांनी जनूकडे पाहिलं. तो फ्रिजचं दार उगाच उघडून बंद करत होता.

"नियम मीच घातला होता," तो म्हणाला. "आणि पयला खोटा आकडा पण मीच लिवला. मला वाटलं, मी एकटाच. तुम्ही दोघं तर खरे."

साहेब पहिले नव्हते, दुसरेही नव्हते. जूनच्या अखेरीपासून ते चौघांत शेवटचे होते. तीन माणसांनी तीन बाजूंनी वाकून त्यांना खांद्यावर घेतलं होतं, आणि ते समजले की आपण उंच झालो.

शंकरने कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

साहेब घरात खुर्चीवर बसले होते. समोर ताट झाकलेलं होतं, राजसीचं. शंकरने कॅलेंडर मांडीवर धरून सगळं सांगितलं, आपलं आणि दोघांचंही. मध्ये थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू झाला नसता.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी हेच सांगायचं होतं?"

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लाज वाटली असती."

"लाज परवडली असती, शंकर."

ते रागावून बोलले असते तर शंकरला बरं वाटलं असतं. ते साधंच बोलले, पूर्वी कंपनीत एखाद्या मालाचा भाव परवडतो की नाही ते सांगायचे, तसं.

साहेबांनी हात पुढे करून कॅलेंडर मागितलं. आपल्या रकान्यावरून बोट खाली नेत म्हणाले, "मी एकदाही पुढे नव्हतो?"

"होतात. दोनदा. जूनचा दुसरा आणि तिसरा शनिवार. ते खरे आहेत साहेब. मी बाईंची शपथ घेऊन..."

"तिची शपथ नको." साहेबांनी टेबलावरचा चश्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. "तुमचे मोबाइल दाखवायचे नाहीत असा नियम होता ना?"

"हो."

"आज दाखव."

शंकरने खिशातून मोबाइल काढला. जूनचं पान उघडायला वेळ लागला. उघडल्यावर त्याने तो साहेबांपुढे धरला. शंकरच्या शब्दावर ज्या माणसाने सबंध उन्हाळा आणि पावसाळा काढला होता, तो आता पडद्यावर बोट टेकवून शंकरचा एकेक आकडा कॅलेंडरशी ताडून पाहत होता. दुसरा शनिवार. मग तिसरा.

"आहेत," ते म्हणाले.

त्यांनी त्या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केले, मोबाइल शंकरला परत दिला, आणि कॅलेंडर मात्र ठेवून घेतलं.

"करिष्मा आणि जनूलाही पाठव," ते म्हणाले. "त्यांच्या मोबाइलसकट."