चार दिवसांचं तापमान

सोमलिंग बिराजदार सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तेहेतीस वर्षं लॅब अटेंडंट होते. निवृत्तीला चार महिने उरले असताना राजनंदिनीच्या गोगलगायी त्यांच्याकडे आल्या. बिनशंखाच्या, काळ्या, बोटाएवढ्या.

राजनंदिनी मोहोळची, पीएचडी करणारी. निम्म्या गोगलगायी तिने अठरा अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटात, ठेवल्या, निम्म्या तीस अंशांच्या.

"थंडीत त्यांचं सगळंच मंदावतं, मामा," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "पण दोनतीन आठवडे थंडीतच राहिल्या की अंग सरावतं आणि आतलं काम वाढतं. मग दोघींना मधल्या तापमानाला, चोवीसला आणून मोजलं, तर थंडीला सरावलेली जास्त ऑक्सिजन घ्यायला हवी. आपली सोलापूरची गोगलगाय असं करते का, ते बघायचंय."

काकडीचे काप टाकायचे, माती ओली ठेवायची आणि रोज सकाळी दोन्हीकडचं तापमान वहीत लिहायचं, हे काम सोमलिंगांचं. त्यांनी ते मन लावून केलं. काकडी नरम पडली तर ते घरची आणत.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी विजेचा दाब सारखा वरखाली होऊ लागला. मशीन जळेल म्हणून त्यांनी थंड इनक्युबेटरचं बटण बंद केलं. दाब सुरळीत झाला की लावायचं, असं ठरवलं, आणि तेवढ्यात अक्कलकोटजवळच्या गावाहून बहिणीचा फोन आला. अव्वा, त्यांची आई, गेली होती.

ते तसेच निघाले. शुक्रवार ते रविवार कॉलेजला सुट्टी होती. माती, पाहुणे, तिसरा दिवस यात बटण त्यांच्या डोक्यातून पार गेलं. सोमवारी सकाळी आठला लॅबचं कुलूप काढताना एकदम आठवलं. आतून गरम झालेल्या त्या इनक्युबेटरमध्ये दोन गोगलगायी मेल्या होत्या. त्यांनी त्या उचलल्या, बटण लावलं. अकराला राजनंदिनी आली तेव्हा काटा अठरावर होता. वहीत चार दिवसांपुढे चार वेळा अठरा लिहिलेलं होतं.

तिने त्याच दिवशी मोजमाप सुरू केलं. एकेक गोगलगाय बंद बाटलीत ठेवायची आणि बारीक काचनळीतला रंगीत थेंब किती सरकतो ते पाहायचं. जितका सरकेल तितका ऑक्सिजन खर्च झाला. दोन दिवस ती थेंबांपुढे बसून होती. दोन्हीकडचे थेंब सारखेच सरकले.

"सरावतच नाही!" ती आपल्या मार्गदर्शक सरांना म्हणाली. सर आकडे पाहून खूश झाले. असं फारसं कुणाला आढळलेलं नव्हतं. त्यांनी तिला परिषदेत निबंध वाचायला सांगितलं. सोमलिंग शेजारी बाटल्या धूत होते. धुतलेली बाटली त्यांनी पुन्हा साबणात घातली.

आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. आई गेली म्हणून असेल, असं घरच्यांना वाटलं. निबंध पाठवल्याचं राजनंदिनीने सांगितलं, त्या संध्याकाळी ते तिच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले.

"ताई, ते आकडे खरे न्हाईत."

"कुठले, मामा?"

"अठराचे. मशीन चार दिस बंद हुतं. मीच बंद केलतं. लावायचं राहून गेलं."

तिने वही ओढून ते पान काढलं. "तुमची आई गेली होती. विसरलात, ते मला कळतं. पण हे अठरा का लिहिलेत?"

सोमलिंगांनी या प्रश्नाचं उत्तर आठ दिवस शोधलं होतं. "रकाना मोकळा दिसला," ते म्हणाले. "तेहेतीस वर्सांत कदी मोकळा ठेवला न्हवता."

ती पिशवी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं आणि निबंध मागे घेतला. सरांनी सोमलिंगांना बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. वही पुढे सरकवून ते म्हणाले, "जे झालं ते तुमच्या हाताने लिहा." सोमलिंगांनी चारही अठरांवर रेघ मारली, बाजूला 'मशीन बंद, तापमान पाहिले नाही' असं लिहिलं आणि सही केली.

प्रयोग पुन्हा करायचा तर नव्या गोगलगायी हव्यात, आणि एप्रिलच्या उन्हात त्या जमिनीत खोल दडून बसतात. सोमलिंग म्हणाले, "माज्या मेव्हण्याचा पानमळा हाय. तितं बारा महिने वल असती." राजनंदिनी आली, पण वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. पहाटे वेलींच्या बुडाशी पालापाचोळा उकरत दोघांनी अडतीस गोगलगायी जमवल्या. सोमलिंगांचे गुडघे सोलले. तिने आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली, तेवढंच.

यावेळी प्रत्येक आकड्यापुढे ते वेळही लिहीत. रोज राजनंदिनी येऊन थर्मामीटर स्वतः पाही आणि मग वहीत सही करी. पूर्वी ती असं करत नसे. त्यांना ते दिसत होतं, आणि ते योग्यच आहे असं वाटत होतं.

विसाव्या दिवशी थेंब सरकले. थंडीतल्या गोगलगायींचे थेंब जवळजवळ पावपट पुढे गेले. म्हणजे सोलापूरची गोगलगायही सरावते, इतर ठिकाणच्यांसारखीच. नवं काही नव्हतं. परिषद तोवर होऊन गेली होती.

सोमलिंग जूनअखेर निवृत्त झाले. दोन वर्षांनी राजनंदिनीच्या तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि मागच्या बाकावर बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंधाचं एक पान उघडलं. "हा पहिला गट फसलेला म्हणून दिलाय. पण मला यातच जास्त रस वाटतो. चार दिवसांच्या उबेत थंडीचा सराव पुसला गेला, असं दिसतं. इतक्या लवकर पुसला जातो, हे महत्त्वाचं आहे. त्या चार दिवसांत आत तापमान किती होतं?"

राजनंदिनीने मागे पाहिलं नाही.

"माहीत नाही, मॅडम. नोंद नाही."

"अंदाजे?"

"अंदाज लिहिता येणार नाही."

बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. सोमलिंग आपल्या हातांकडे पाहत बसून राहिले.