ओटीतला नारळ

पुंडलिक वाणी खानापूरकडून बैलांवर माल लादून दिग्गीला यायचा. त्या दिवशी त्यानं गुळाच्या ढेपेवरचा कागद सोडला आणि नेहमीसारखा भिरकावून न देता वाचत बसला. वर्तमानपत्राचा तुकडा होता. विलायतेकडं कुठंतरी देशोदेशीच्या बाया धावल्या म्हणे. एकेका देशाच्या चौघी, एकीनं पळत येऊन दुसरीच्या हातात काठी द्यायची, मग तिनं सुटायचं. चड्ड्या घातलेल्या बायांचं चित्रही होतं. ओसरीवरचे बापये खो खो हसले. बायांनी पळायचं, तेही देशासाठी, काय एकेक थेरं!

म्हातारी गिरजा नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली आपटलं. मेल्यांनो, तुमच्या आया पळत होत्या तेव्हा तुम्ही पाळण्यात रडत होता, आणि हसता कुणाला?

नव्या पोरांना हे ठाऊक नाही, म्हणून सांगायला हवं. दिग्गी इंग्रजाच्या राज्यात, घाट उतरला की फिरंग्याचं राज्य, मधे हद्दीचा दगड. राज्यं दोन, पण देवी एकच. तिची जत्रा त्या त्या साली वर दिग्गीत भरायची की खाली, हे महिनाभर आधी दगडाजवळच्या माळावर ठरायचं, आणि ठरवायच्या बाया. वरच्या चौघी, खालच्या चौघी. काठीबिठी काही नाही, दोन्ही बाजूंना देवीचा एकेक नारळ. तो हातात द्यायचा नाही. पळत येणारीनं तो पुढचीच्या ओटीत घालायचा, तिनं पदर खोचून सुटायचं. ज्यांची शेवटची बाई दगडाला आधी शिवेल, जत्रा त्यांची.

गिरजा खालची लेक, वर दिलेली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून वरची बाजू कधी हरली नाही. सासरा कान्हू भेटेल त्याला सांगायचा, सून नव्हे, हरणी आणली मी. पण दैव बघा कसं! ती जिंकायची म्हणून जत्रा वर व्हायची, आणि जत्रा वर झाली की तिचं खाली जाणं राहायचं. जत्रेशिवाय सुनेला माहेरी धाडायची त्या घराची रीतच नव्हती. भाताची कामं, नाचणीची कामं, रानातली कामं, सून मोकळी असते कधी? आई घाट चढून जत्रेला यायची तोवर निभावलं. मग आईचे गुडघे गेले.

त्या साली धाकटी बहीण बाळी खालच्यांकडून धावायला वर आली. झऱ्यावर दोघी भेटल्या तेव्हा तिनं सांगितलं, आईनं अंथरूण धरलंय. अन्न जात नाही. दारात पाऊल वाजलं की गिरजा आली का म्हणून विचारते. जत्रेपर्यंत काढेल, पुढचं सांगता येत नाही.

गिरजा हरली की आई भेटणार, इतकं सरळ होतं. जरा पाय आवरले तर कुणाला कळणार होतं? पण देवीचा नारळ ओटीत घेऊन खोटं पळायचं कसं? आणि तसं पळून आईच्या उशाशी कुठल्या तोंडानं बसायचं? रडून रडून तिचे डोळे सुजले, पण खोटं पळायला मन होईना.

झऱ्यावर तिची थोरली जाऊ देवकीही कळशी भरत होती. तिनं सगळं ऐकलं आणि कळशी उचलून निघून गेली. देवकी तोंडाची भारी तिखट. इतक्या वर्षांत गिरजाशी एक गोड शब्द नाही. पण धावायचं म्हटलं की बाईचा जीव सुपाएवढा व्हायचा. वर्षातला तो एकच दिवस ती पोरीसारखी हसायची. वरच्यांची तिसरी ती, शेवटची गिरजा; खालच्यांची शेवटची बाळी.

शर्यत सुटली. तिसऱ्या टप्प्यात देवकीनं खालचीला चांगलंच मागं टाकलं. पुढं गिरजा ओटी पसरून उभी. देवकी आली, नारळ ओटीत घातला, पण हात काही काढेना. माळावर आरडाओरडा उठला. देवकीनं आपल्या कपाळाचं, घामानं ओलं झालेलं कुंकू बोटावर घेतलं आणि गिरजाच्या कपाळाला लावलं. मग माहेरी निघालेल्या सासुरवाशिणीचा नीट करतात तसा तिचा पदर नीट करू लागली. तेवढ्यात बाळी नारळ घेऊन सुटलीसुद्धा.

"अक्का, सोडा," गिरजा म्हणाली.

"सावकाश जा," देवकी म्हणाली. "म्हायेरला जायाचं हाय न्हवं तुला?"

आणि तिनं हात काढला.

गिरजा पळाली. जीव खाऊन पळाली, डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसत नव्हतं, तरी पळाली. बाळीच्या पाठीला तिचा श्वास लागत होता. बाळी दगडाला आधी शिवली, वीतभर आधी.

कान्हू देवकीवर उखडला. चारचौघांत नाही नाही ते बोलला. ती मान खाली घालून उभी होती, पण उत्तर दिलं. "ओटी भरायची ती कुंकवाबिगर कशी भरू, मामा? देवीचं काम हाय." पण पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसरी घेतली, आणि मग कायमचीच. देवकी पुन्हा कधी धावली नाही.

गिरजा जत्रेला खाली गेली. आईनं तिच्या हातची पेज घेतली. कशी आलीस म्हणून विचारलं, गिरजानं सगळं सांगितलं. आईनं उशाजवळचा नारळ तिच्याकडं दिला, जावेची ओटी भर म्हणाली, माझ्याकडनं. जत्रा उरकली आणि आई गेली. शेवटचं पाणी गिरजाच्याच हातचं.

वर आल्यावर तिनं देवकीची ओटी भरली. देवकीनं नारळ चाचपून बघितला. बरं झालं, घरातला संपलाच होता, एवढंच म्हणाली, आणि पाठ फिरवून बराच वेळ चुलीत फुंकत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

ती देवकी गेल्या शिमग्यात वारली.

गिरजानं पदरानं डोळे पुसले. पुंडलिक अजून तो कागद घेऊन बसला होता.

"त्या चौघींतली तिसरी कोण? नाव दिलंय काय तिचं?" तिनं विचारलं.

पुंडलिकानं कागद उलटापालटा केला. कुठला देश जिंकला तेवढं होतं, बाकी कागद फाटला होता. न्हाई, तो म्हणाला.

"मग गूळ बांध त्यात," गिरजा म्हणाली, आणि पुन्हा नाचणी पाखडू लागली.