मधली वायर

"सर, डब्यावरचा दिवा कसा दिसतोय? हिरवा की लाल?"

मदत केंद्रातल्या बाईंनी फोनवर इतकं साधं विचारलं आणि बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हिरवा," ते म्हणाले.

"दोन्ही डब्यांवर?"

"दोन्हींवर. हिरवागार!"

हिरवागार म्हणायची काही गरज नव्हती. पण खात्री नसली की बाबांचा आवाज जरा चढायचाच, ही त्यांची जुनी खोड.

"मग तुमची लाइन उत्तम आहे. लॅपटॉप एकदा बंद करून चालू करून बघा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवूनही दिला.

बाबा खिडकीपाशी तसेच उभे राहिले. तळमजल्यावरच्या त्या घरात मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त या खिडकीत, आणि तीसुद्धा बोलण्यापुरती. चित्र दिसायचं नाव नाही. म्हणजे मोबाईलवरून काम भागवावं म्हटलं तर तेही नाही. सगळी भिस्त घरातल्या बोळातल्या फळीवरच्या त्या दोन डब्यांवर. खालचा काळा, मोडेम, बाहेरून आलेली लाइन घेणारा. वरचा पांढरा, राऊटर, ती घरभर वाटणारा. मधे वीतभर वायर. सकाळपासून हे तिघं मिळून बाबांचा जीव खात होते. नेट यायचं, जायचं, यायचं, जायचं.

"बाबा, परत गेलं!" आतून लेकीचा आवाज आला. रडवेला.

"बघतोय गं चिमणे, बघतोय!"

चिमणी आता तिशीला टेकली होती. तिची कंपनी बंद पडल्यापासून ती घरीच होती. मागच्या मुलाखतीत ती ऐन भरात बोलत असताना नेट तुटलं आणि पडद्यावरची माणसं तोंड उघडं ठेवून थिजली. ती पुन्हा जोडली जाईपर्यंत तिकडे पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं. आजची मुलाखत तिला मनापासून हवी होती. काल जेवताना म्हणाली होती, "तेवढं नेट तुम्ही बघाल ना?" बाबा केवढ्या ऐटीत म्हणाले होते, "तू निर्धास्त राहा."

आता कसलं निर्धास्त! त्यांनी लॅपटॉप बंद करायला लावला, चालू करायला लावला. राऊटर उपटला, लावला. पुन्हा उपटला. नाकावर चष्मा चढवून, उतरवून, दोन्ही दिव्यांकडे टक लावून पाहिलं. दिवे पेटलेले होते एवढं नक्की. दोन्ही सारखेच, मळकट पिवळसर. त्यांना कायम असेच दिसत आले होते.

तरुणपणी त्यांना इंजिनड्रायव्हर व्हायचं होतं. सगळ्या परीक्षा पास झाल्यावर डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. बाबांना आकडा दिसलाच नाही. मागे रांगेत उभी असलेली मुलं फिदीफिदी हसली. ते हसणं त्यांनी इतकी वर्षं मनात धरलं. मग त्यांनी किल्ल्या करायचं दुकान टाकलं, कुलपांना रंगाचं काही पडलेलं नसतं म्हणून. बायको सोडली तर कुणाला कधी ताकास तूर लागू दिली नाही. ती बाजारात हळूच म्हणायची, "हे नको, हे कच्चे आहेत." आणि बाबा मोठ्यानं भाजीवाल्याला, "अहो, कच्चे काय देताय!" आता ती नव्हती. गेल्या वर्षी गेली.

लेक बोळात आली. मुलाखतीचा नीटनेटका पोशाख, चेहरा पार उतरलेला. "आता सुरूच होईल हो! काय म्हणाल्या त्या बाई?"

"लाइन उत्तम आहे म्हणाल्या. दोन्ही दिवे हिरवे आहेत ना."

लेकीनं फळीकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"बाबा, वरचा लाल आहे."

बाबा फळीकडे आणखी वाकले.

"चांगला भडक लाल आहे! तुम्ही त्यांना हिरवा सांगितलंत? अहो, तिकडे माझं नशीब लटकलंय आणि तुम्ही धड बघितलंसुद्धा नाहीत?"

वेळ मारून नेता आली असती. आत्ताच बदलला असेल म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाहून बाबांचा धीर सुटला.

"मला कळत नाही गं," ते म्हणाले. "लाल आणि हिरवा. पहिल्यापासून. मला दोन्ही सारखेच दिसतात."

लेकीनं एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तीच तर सांगायची."

पुढे बोलायला दोघांनाही सवड नव्हती. लेकीनं डोळे पुसले. "खालचा हिरवा आहे. म्हणजे लाइन घरापर्यंत येतेय. वरचा लाल, म्हणजे खालून वर पोचत नाहीये."

"मग मधली वायर!" बाबांनी ती ओढली. राऊटरमधून ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. त्यांनी पुन्हा खुपसली. "टक् वाजलं का? नाही ना? कुलूप लागलं की टक् वाजतंच." टोकावर बोट फिरवलं, तर अडकवायची इवलीशी खिटी तुटलेली. त्यांनी अंगठ्यानं टोक आत दाबून धरलं.

"हिरवा झाला!" लेक ओरडली. तेवढ्यात आत लॅपटॉप किणकिणला. "आले ते! बाबा, आता काय करू?"

"तू जा. मी धरतो."

"किती वेळ धराल?"

"जा म्हणतो ना!"

ती पळाली. बाबा फळीला खांदा लावून उभे राहिले. अंगठा बधिर झाला, मग दुखायला लागला, मग पुन्हा बधिर झाला. खोकला आला, तो गिळला. दिवा अगदी डोळ्यांसमोर होता, पण त्याचा काय उपयोग? ते कान आत लावून होते. ती एखाद्या उत्तरासाठी थांबली की त्यांना कळायचं नाही, ती विचार करतेय की नेट गेलंय? मग ती बोलायला लागायची आणि बाबा श्वास सोडायचे. एकदा तर आत सगळे हसले. बाबाही हसले, कशाला ते न कळता.

अखेर दार उघडलं.

"झालं?"

"झालं. एकदाही तुटलं नाही. कळवतो म्हणालेत, पण बोलले छान. सोडा आता." तिनं त्यांचा अंगठा वायरीवरून सोडवला आणि चोळायला घेतला. चोळता चोळता तिची नजर खाली गेली, आणि हात थांबला.

"बाबा, मोजे बघा तुमचे. एक तपकिरी, एक हिरवा."

"असं?"

"हल्ली कितीदा बघते मी. मला वाटायचं, आई गेल्यापासून तुमचं कशातच लक्ष राहिलं नाही. म्हणून कधी बोलले नाही."

"लक्ष नाही कसं? रोज जोडी बघूनच घालतो की," बाबा म्हणाले. "पूर्वी जोडीला गाठ मारलेली असायची, एवढंच."

लेक खाली बसली आणि त्यांच्या पायातला हिरवा मोजा हलकेच काढू लागली.