सोडलेला चरण

कीर्तनात एक रीत असते. बुवा अर्धा चरण म्हणून थांबतात आणि उरलेला मागचे टाळकरी उचलतात. बुवांना वळून बघावं लागत नाही. आपला शब्द कुणीतरी झेलणारच, या भरवशावर ते उभे असतात.

राहीबाई अंगणवाडीच्या सेविका. घोडेगावच्या बाजारापासून कोसभर आत, माळवस्तीवर अठरा वर्षं त्यांनी लेकरांना याच रीतीनं बोलतं केलं. ही रीत त्यांना आप्पासाहेबांनी दिली. मारुतीच्या देवळाचे ते विणेकरी. बाईमाणसानं सप्ताहात टाळ घेऊन उभं राहायचं का, म्हणून वस्ती कुरकुरली तेव्हा आप्पांनी आपले टाळ स्वतः राहीबाईंच्या गळ्यात घातले होते. त्या दिवसापासून राहीबाई त्यांना बापाच्या जागी मानत.

कोरोना आला आणि अंगणवाडीला कुलूप लागलं. वरून हुकूम निघाला की शिधा घरपोच द्या, मुलांना मोबाईलवर शिकवा. वस्तीत बरा मोबाईल पाच घरांत, तोही दिवसभर बापाच्या खिशात. राहीबाईंच्या जिवाला घोर लागला. मोठी पोरं मागं पडली तर पुढं भरून काढतील. पण दोन-अडीच वर्षांच्या लेकराची जीभ सुटायचे दिवस टाळेबंदी उठायची वाट बघत बसत नाहीत. त्या आप्पांकडे गेल्या आणि देवळाचा भोंगा मागितला.

आप्पा हसले. यंदा सप्ताह नाही तर नाही, बाळगोपाळांचा काला तरी होऊ दे, म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

मग रोज सकाळी दहाला देवळात एकट्या राहीबाई आणि ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ज्याची त्याची लेकरं. आयांना त्या आदल्या दिवशी सांगून ठेवत, उद्या भुईमुगाच्या शेंगा मोजायला ठेवा, उद्या ताट-वाटी द्या वाजवायला. गाणी त्यांनीच जुळवलेली. "आप्पांच्या गोठ्यात बांधली..." एवढं म्हणून त्या थांबत, की त्यांच्या गाईचं नाव घेत चारी बाजूंनी कालवा उठे, "कपिली!"

एका उंबऱ्यावरून मात्र काही येत नसे. तो उंबरा आप्पांचाच, देवळाच्या अगदी समोर. त्यांची नात ज्ञानेश्वरी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. घरचे म्हणत, बाप पण उशिराच बोलला. राहीबाई तिच्यासाठी जरा जास्त थांबू लागल्या. पावसाळ्यात पोरगी त्या थांब्यावर डब्याचं झाकण वाजवायला लागली. दिवाळीनंतर ओठ हलले. आणि माघातल्या एका सकाळी, सगळ्या पोरांचं म्हणून झाल्यावर, एक कोवळा आवाज मागून आला, "पिली."

राहीबाईंना पुढचा चरण म्हणवेना. भोंग्यावर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. ओट्यावर आप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते.

चैत्रात दुसरी लाट आली. घरोघर जाऊन ताप बघायचं, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजायचं काम राहीबाईंकडे आलं. नियम साधा होता. घरातलं प्रत्येक माणूस डोळ्यानं बघायचं, मगच वहीत लिहायचं. आप्पांचा मुलगा केदार भिंगारला नोकरीला होता. तो गुपचूप घरी आलाय, अशी कुजबुज होती. आप्पा दारातच आडवे उभे राहिले. राहीबाईंनी केदारचं विचारलं.

"भिंगारलाच हाय त्यो," आप्पा म्हणाले. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरली. "घरात कुनी आजारी न्हाई, पोरी. लिही."

माळ धरून बोललेल्या माणसाच्या घरात डोकवायचं म्हणजे देवाचीच झडती घ्यायची. राहीबाईंनी लिहिलं आणि पुढच्या दाराला गेल्या.

केदार आतल्या खोलीत तापानं फणफणत पडला होता. आठ दिवसांत चार घरं आडवी झाली. शेजारच्या गोजरबाईंना नगरला नेलं, त्या परत आल्या नाहीत. बोभाटा झाला तशी चौकशी आली, आणि चौकशीच्याही आधी वस्तीकडून तक्रारीचा अर्ज गेला. अंगणवाडीच्या बाईनं दारोदार फिरून आजार पसरवला, वर भोंगा लावून पोरं गोळा केली. पर्यवेक्षिका देवश्री मॅडमनी तो कागद राहीबाईंपुढे धरला. खाली नऊ सह्या होत्या. पहिली सही राहीबाईंना वाचावी लागली नाही. सप्ताहाच्या पत्रिकेवर दरवर्षी तीच असायची.

त्या तडक आप्पांच्या ओट्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, माळ धरली होती तुम्ही."

आप्पांनी नजर गोठ्याकडे वळवली. "घराच्या अब्रूचा प्रश्न हुता, राही. तुझं काय, नोटीस यील न् जाईल." मग हात पुढं केला. "किल्ली दे देवळाची."

राहीबाईंनी किल्ली ओट्यावर ठेवली. त्यांच्या हातात दिली नाही.

देवश्री मॅडम म्हणाल्या, म्हाताऱ्यानं फसवलं असं सरळ लिहा, सुटाल. राहीबाईंनी खुलाशात दोन वाक्यं लिहिली. आप्पासाहेबांनी माळ धरून घरात कुणी आजारी नाही असं सांगितलं. मी आत जाऊन पाहिलं नाही. दुसरं वाक्य लिहिताना गोजरबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

भोंगा बंद होऊन वीस दिवस झाले, आणि केदारच्या बायकोचा, स्नेहलचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, दहा वाजलं की पोरगी झाकन घिऊन वट्यावर बसतीय. वाट बघून बघून उठती. आता पिलीबी म्हनत न्हाई. कायच बोलत न्हाई."

राहीबाईंना रात्रभर त्या घराची पायरी आठवत राहिली. सकाळी दहाला त्या गेल्या. पायरी चढल्या नाहीत. रस्त्यावरच, सगळ्या वस्तीला दिसेल अशा, तोंडाला पदर बांधून उभ्या राहिल्या. ओट्यावर ज्ञानेश्वरी बसली होती आणि तिच्यामागं बाजेवर आप्पा.

भोंगा नव्हता. राहीबाईंनी टाळी धरली आणि गळा मोकळा सोडला.

"ज्ञानूच्या गोठ्यात बांधली..."

आप्पांचं नाव त्यांनी गाळलं होतं, ते आप्पांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांची मान डुलली आणि चरण उचलायला तोंड उघडलं. राहीबाईंनी हाताचा पंजा वर केला. भर कीर्तनात बुवा टाळ थांबवतात, तसा. आप्पांचं तोंड मिटेपर्यंत तो पंजा खाली आला नाही.

मग त्या थांबल्या. शेजारच्या दारात दोन पोरं येऊन उभी राहिली, त्यांनाही बोटानं गप्प केलं. जन्मभर त्यांनी न बघता चरण सोडला होता. आज त्या इवल्या ओठांवरून त्यांची नजर हटत नव्हती.

झाकण एकदा वाजलं. पुन्हा वाजलं.

"पिली," ज्ञानेश्वरी म्हणाली.

राहीबाईंनी पुढचा चरण धरला.