केळ्यांच्या खोलीतले बुद्ध

निर्मळ गावात केळी पिकवायची खोली रिकामी करून तिथं देव बसवणारी बाई एकच झाली, ती म्हणजे अनसूया. आणि देव तरी कुठले, तर रंगूनचे बुद्ध, एक सोडून चांगले तीन! गावाने तोंडाला येईल ते म्हणून घेतलं. कुणी म्हणालं बाई जैन झाली, कुणी म्हणालं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ज्यांना भांडण नको होतं ते म्हणाले, अहो, बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार, बसू दे बिचारा. नवऱ्याने पत्रातून लिहिलं होतं तसं अनसूयेने केलं, तिच्या लेखी विषय तिथंच संपला.

नवरा शरदचंद्र रंगूनला एका सागवानाच्या वखारीत कारकून होता. लग्नानंतर दोन वर्षांनी गेला आणि पुढे दोनदाच घरी आला, शेवटचा पस्तीस साली. मूलबाळ झालं नाही. पत्रं मात्र नेमाने यायची आणि चौथी इयत्ता शिकलेली अनसूया ती मागच्या पडवीत बसून पुन्हा पुन्हा वाचायची. त्यांत एक मजकूर फिरून फिरून येई. इथं घरोघरी उंच फळीवर बुद्धाची मूर्ती असते, पुढे पाण्याच्या वाट्या, फुलं, खाली चटई. मीही सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसतो, जीव निवतो. घरी आलो की आपण अशी एक खोली करू.

बेचाळीस साली जपानी रंगूनला पोचायच्या आधी, शेवटच्या बोटींपैकी एका बोटीने अलिबागकडचा एक सोबती परत आला. तो निर्मळपर्यंत एक पेटी घेऊन आला. शरदचंद्राने त्याला सांगितलं होतं, तुम्ही पेटी घेऊन पुढं व्हा, मी मागून येतो. पेटीत जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या तीन मूर्ती होत्या. एक पितळेची, मुठीत मावणारी. एक सागवानी, सोन्याचा वर्ख उडालेली. आणि तिसरी पांढऱ्या दगडाची, हातभर उंच, एक हात मांडीत आणि दुसऱ्या हाताची बोटं जमिनीला लावलेली. त्यानंतर पत्र नाही, तार नाही, माणूस तर नाहीच. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तरी मागून येणारा काही आला नाही.

पेटी आली त्याच साली अनसूयेने दीर काशिनाथाकडे केळ्यांची खोली मागितली. घरात तेवढीच एक खोली बाहेरच्या गलक्यापासून लांब होती. काशिनाथ कुरकुरला, कारण घड पिकवायला धूर कोंडणारी तशी खोली दुसरी नव्हती. पण भावाचं नाव निघालं की तो विरघळायचा. त्याने घड पिकवायला वाडीत नवा मांगर, म्हणजे खोप, घातला आणि खोली दिली. भिंती धुराने काळ्या ठिक्कर. अनसूयेने सहा वेळा चुना मारला तेव्हा कुठे त्या पिवळट झाल्या, वास मात्र गेलाच नाही. बुद्धाला राजेळी केळ्यांचा वास लागलाय, असं जाऊ प्रेमलता हसून सांगायची.

उंचावर फळी ठोकून घेतली. मधे पांढरी मूर्ती, डाव्या हाताला सागवानी, उजव्या हाताला पितळी. फळीला केळीच्या सोपाचं, म्हणजे खोडाच्या पापुद्र्यांचं तोरण, समोर पितळेच्या पाच वाट्या, वाडीतली तगर आणि सोनचाफा. कुंकवाशिवाय देव कसा ओका दिसतो, म्हणून तिन्ही कपाळांवर कुंकू. पांढऱ्या मूर्तीच्या बैठकीवर समोरच एक ओळ कोरलेली होती. गोल गोल अक्षरं, जिलब्या मांडाव्यात तशी. मूर्तीवर कोरलंय म्हणजे मंत्रच असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. नवऱ्याने पाठवलेला मंत्र आणि आपल्याला वाचता येत नाही, याची तिला चुटपुट लागली. मग तिने काय करावं? ती अक्षरं हुबेहूब गिरवून ती रोज सकाळी फळीखालच्या जमिनीवर रांगोळीने काढू लागली. आधी बघून काढायची, पुढे न बघता. वाचता येत नाही तर नाही, हाताला तरी पाठ असू दे.

मग चटईवर डोळे मिटून बसायची. पण खरं सांगायचं तर तिचं ध्यान कधी लागलंच नाही. डोळे मिटले की कान रस्त्यावर जायचे. होळीच्या बाजारावरून येणारी बैलगाडी, टांग्याची घंटा, फाटकाची कडी. अर्धा तास म्हणता म्हणता ती तासभर कान देऊन बसे आणि उठताना तिचे गुडघे धरलेले असत. प्रेमलतेला वाटे जाऊबाईंची समाधी लागते.

बघता बघता बारा वर्षं होत आली. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याला मेला म्हणायचं, अशी रीत. पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचं. काशिनाथाच्या मुलीचं, जयवंतीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, घरात एक माणूस ना जिवंत ना मेलेला, हे कसं काय? काशिनाथाने ही गोष्ट चार वेळा चार तऱ्हांनी वहिनीच्या कानावर घातली. पहिल्या तीन वेळा ती उठून गेली. चौथ्या वेळी म्हणाली, माझ्या कपाळाला हात लावायचा तर आधी मला जाळा. बारा वर्षं तिने जपलं होतं ते एवढंच. कपाळावरचं कुंकू, आणि तो येणार ही आशा. काशिनाथ चांगला माणूस, तो गप्प बसला. पण दिवस काही गप्प बसत नव्हते, फाल्गुन तोंडावर आला होता.

त्या माघात शेजारच्या गास गावची कॅथरिन आली. केळीच्या पानांसाठी ती नेहमी यायची, अनसूयेशी तिचं जुनं सूत होतं. आल्या आल्या तिने सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. मुलगा बेसिल बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. त्याने मोलमीन बंदरात एका बर्मी ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं आणि नाताळाला तिला घरी आणून सोडून पुन्हा बोटीवर गेला. पोरगी आमच्या देवळात, चर्चला, जाते, काम करते, पण बोलत नाही आणि जेवताना डोळ्यांतून पाणी काढते. तुमच्याकडे तिच्या मुलखातला देव आहे ना, कॅथरिनने विचारलं, तो बघून तरी हसते का पाहू.

अनसूया हरखली. इतक्या वर्षांत त्या खोलीतलं काय बरोबर आणि काय चूक, हे सांगणारं पहिलंच माणूस येत होतं. तिने फळी पुसली, वाट्या चिंचेने घासल्या, चाफ्याच्या माळा दुप्पट लांब केल्या. मुलीसाठी सुकेळ्यांची पुडी बांधून ठेवली.

मुलीचं नाव इझाबेल. विशी-बाविशीची, नेसायला सासूचं लुगडं, ते तिला सारखं सावरावं लागत होतं. कॅथरिन बाहेर प्रेमलतेकडे पानं मोजून घेत थांबली आणि इझाबेल एकटी आत आली. दारातच ती थबकली. मग गुडघे मोडून, पाय एका अंगाला घेऊन अशी बसली की जणू त्याच चटईवर वाढली असावी. तिची आजी बुद्धाची, हे तिने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, बेसिलने बोटीवर शिकवलेल्या. आजीच्या घरी अशीच फळी. मग तिला खरंच हसू आलं. कुंकवाकडे बोट दाखवून म्हणाली, हे नाही. पाणी बरोबर. फुलं बरोबर. पाणी दुपारच्या आधी टाकायचं. अनसूया शाळेतल्या मुलीसारखी एकेक गोष्ट मनात ठेवत होती. आपलं बरंचसं बरोबर होतं, या आनंदाने तिला काही सुचेना. मग तिने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. या मंत्राचा अर्थ काय?

इझाबेलने आधी रांगोळीकडे पाहिलं, मग मूर्तीच्या बैठकीकडे.

"मंत्र नाही," ती म्हणाली. "नाव. मूर्ती कोण देतो, त्याचं नाव लिहितात." तिने अक्षरांखालून बोट फिरवत एकेक शब्द जुळवला. "को शरद. त्याची बायको मा थेन. मुलगी खिन खिन. यांनी दिला. पुण्य सगळ्यांना मिळो."

एका दमात एवढं मराठी जमलं म्हणून ती खूश होऊन वळली आणि अनसूयेचा चेहरा बघून तिचं बोट दगडावरून खाली आलं. "शरद कोण?" तिने हळूच विचारलं.

"माझा नवरा," अनसूया म्हणाली.

सासूला सांगू नकोस, एवढं अनसूयेने तिला खुणेने बजावलं. इझाबेलने मान हलवली. सुकेळ्यांची पुडी ती घ्यायला तयार नव्हती, अनसूयेने ती तिच्या ओच्यात कोंबली.

ती गेल्यावर अनसूयेने दार लावून घेतलं. रोज पहाटे अंघोळ करून, सोवळ्याने, बोटं जपून फिरवत आपण काय काढत होतो? सवतीचं नाव! सवतीच्या पोरीचं नाव! तिने ओला फडका घेतला आणि जमीन अशी घासली की शेणाचा थर निघून खालची माती दिसली. पांढरी मूर्ती उचलून विहिरीत टाकावी असं वाटलं. उचललीही. पण मूर्ती छातीशी घेऊन ती तशीच खाली बसली आणि मग तिला नुसते प्रश्नच पडत गेले. बायकोला वाचता येणार नाही या भरवशावर मेल्याने ही पाठवली की कधीतरी कुणी वाचावी म्हणून पाठवली? 'आपण अशी खोली करू' हे त्याने लिहिलं तेव्हा बाजूच्या चटईवर कोण बसलं होतं? ती खिन खिन आता सोळा-सतराची असेल. पुण्य सगळ्यांना मिळो म्हणे. म्हणजे आपण त्या 'सगळ्यां'त, गावच्या गायीगुरांच्या रांगेत. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा राग आला आणि त्या रागाने तिला इतकं एकटं केलं, जितकं वाट बघण्याने कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सवयीने ती चटईवर बसली. रस्त्यावरून गाडी गेली, टांगा गेला. कान गेले नाहीत. आत सगळं शांत शांत झालं आणि ती शांतता तिला सोसवेना. यालाच ध्यान म्हणत असतील तर ते त्याचं त्यालाच लखलाभ, असं म्हणून ती उठली.

आठ दिवस तिने विचार केला. एका शब्दाने तिला पळसाचा विधी थांबवता आला असता. तो जिवंत असेल, तिकडं त्याचं घर आहे, शोधा, इतकंच सांगायचं होतं. काशिनाथाने रंगूनला पत्रांवर पत्रं टाकली असती, आणि कुणी सांगावं, उत्तरही आलं असतं. कुंकू राहिलं असतं. पण कुणाचं? विधवेसाठी लोक हळहळतात, नवऱ्याने टाकलेलीला पाठीमागे हसतात. आणि गावाचं सोडा, तिलाच आरशात ती टाकलेली बाई बघवली नसती.

नवव्या दिवशी संध्याकाळी काशिनाथ ओटीवर बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. "भावजी, भटजींना बोलवा," ती म्हणाली. "होऊन जाऊ द्या."

काशिनाथ आधी घाबरलाच. मग त्याचे डोळे भरले. त्याने भटजींना आणलं, त्यांनी दिवस काढून दिला आणि जाता जाता शास्त्रही सांगितलं. विधी झाल्यावर माणूस परत आलाच तर त्याचं नव्याने बारसं करायचं, मुंज करायची आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. काशिनाथाने वहिनीकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं, "दादा खरंच आला तर?"

"ते यायचे नाहीत," अनसूया म्हणाली. ती इतक्या ठामपणे म्हणाली की भटजींनीही मान खाली घातली.

फाल्गुनात अंगणात पळसाच्या पानांचा माणूस निजवला. काशिनाथाने त्याच्यावर भावाचं धोतर पांघरलं. वाडीवाडीतून माणसं आली, सोपाऱ्याहून माहेरची आली, गासची कॅथरिन सुनेला घेऊन आली आणि दोघी कुंपणापाशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. पुरुषांनी तिरडी उचलली तेव्हा काशिनाथाने हंबरडा फोडला आणि बायकांना कढ आवरेनात. प्रेमलतेने अनसूयेचं कपाळ पुसलं. तेव्हा अनसूया रडली, अशी रडली की म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, रडू द्या, बारा वर्षांचं साचलंय. सगळं अंगण मेलेल्या माणसासाठी रडत होतं आणि ती एकटी जिवंत माणसासाठी. हे ओळखणारं माणूस त्या गर्दीत एकच होतं. ते कुंपणापाशी उभं होतं आणि त्याला मराठी धड येत नव्हतं.